पॅडचं मशीन घेण्याआधी शंभर घरं फिरा



"सर, सॅनिटरी पॅडचं मशीन घ्यायचंय, प्रोजेक्ट रिपोर्ट द्या ना." हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. बचत गटाच्या ताया विचारतात, नोकरी सोडलेली पोरं विचारतात, परवा एका निवृत्त गुरुजींनीही विचारलं. व्हिडिओमध्ये मी मशीन, कच्चा माल, सबसिडी असं सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. विसरलो नव्हतो, सांगायला जीभ रेटली नाही. ती आज लिहितो.

असा एक प्रोजेक्ट रिपोर्ट मी स्वतः बनवला होता. त्याच्यावर विश्वास ठेवून दहा बायकांनी कर्ज काढलं. मशीन सात महिने चाललं आणि बंद पडलं. कर्ज मात्र पुढे दोन वर्षं फेडावं लागलं, आणि ते फेडलं त्या बायकांनी. मी नाही.

त्यामुळे आजचा लेख जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, आणि जमलं तर वही-पेन पण घ्या.

काळ्या पिशवीचं दुकान

माझं जनरल स्टोअर्स सोलापूर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावात. वडिलांनी सुरू केलेलं. लहानपणापासून बघतोय, पॅडचं पाकीट मागायला कुणी आलं की वडील आधी इकडेतिकडे बघायचे, मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायचे, आणि वरून काळी पिशवी. दुकानात साखर पारदर्शक पिशवीत, पॅड काळ्या पिशवीत. मला वाटायचं, ही काहीतरी चोरीची वस्तू असणार.

मी बीबीए करून दुकानात बसलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी काउंटरला चार पुरुष उभे असले की कॉलेजच्या मुली यायच्या, एखादा पेन किंवा शाम्पूची पुडी घ्यायच्या आणि निघून जायच्या. थोड्या वेळाने गर्दी पांगली की त्यातलीच एक परत यायची. पेन घ्यायला आलीच नव्हती ती!

मी पॅडचा रॅक काउंटरच्या मागून काढून आतल्या बाजूला, साबण-शाम्पूच्या रांगेत ठेवला. हाताने उचलायचं आणि बिलाला आणायचं. किंमत मोठ्या अक्षरात लिहिली. दुपारी दोन ते चार आई दुकानात बसायला लागली. एवढ्याशा बदलाने विक्री वाढली, तेही एक रुपया डिस्काउंट न देता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या धंद्यात माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये किमतीशिवाय दुसरंही काहीतरी उभं असतं. पण ते मला रॅकपुरतंच कळलं.

२०१८ ची हवा

२०१८ साल आठवा. फेब्रुवारीत 'पॅडमॅन' सिनेमा आला. ८ मार्चला राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट आणि गावातल्या बायकांना बचत गटामार्फत २४ रुपयांपासून. जूनमध्ये केंद्राने जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड अडीच रुपयाला एक या दराने आणला. जुलैमध्ये जीएसटी कौन्सिलने पॅडवरचा १२ टक्के कर काढून टाकला. जिकडे तिकडे पॅडचीच चर्चा.

सिनेमा ज्यांच्यावर बेतला ते कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम खरे. १९९८ च्या सुमारास त्यांनी बायकोसाठी स्वस्त पॅड बनवायचा प्रयत्न सुरू केला. मोठ्या कंपन्यांची मशीन कोट्यवधींची, यांनी तेच काम छोट्या छोट्या टप्प्यांत तोडलं. लाकडाच्या लगद्याचा कापूस करायचा, साच्यात दाबायचा, न विणलेल्या कापडात गुंडाळून सील करायचा, अतिनील प्रकाशाखाली निर्जंतुक करायचा. हजारोंच्या आकड्यात बसणारं मशीन. २००९ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, २०१६ मध्ये पद्मश्री. माणूस मोठाच, त्यात वादच नाही.

पण सिनेमा बघून आपण घरी काय घेऊन आलो? मशीन. त्यांचे पॅड बायकाच बायकांना विकत होत्या, ओळखीत, घरोघरी, बोलून. ही बाजू आपल्या डोक्यातून गळूनच गेली. माझ्यापण.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर जवळच्या गावातला एक बचत गट माझ्याकडे आला. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले. आम्हाला कागदं करून द्या." मी एक्सेल उघडलं.

माझ्या रिपोर्टमधली चूक

माझा हिशोब असा होता. मशीन दिवसाला १,००० पॅड काढतं असं विक्रेत्याने सांगितलं. महिन्याचे २५ दिवस धरले, म्हणजे २५,००० पॅड, ८ च्या पाकिटात ३,१२५ पाकिटं. मी 'कमी धरू' म्हणून ३,००० धरली आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

एका पाकिटाला कच्चा माल १४ रुपये, पॅकिंग २, मजुरी ४, वीज आणि जागा १, खराब माल १. झाले २२. कर्जाचा हप्ता महिना ६,०००. तो ३,००० पाकिटांवर वाटला की पाकिटामागे २ रुपये. एकूण खर्च २४, विक्री ३० ला. पाकिटामागे ६ रुपये, महिन्याला १८,००० नफा. कागदावर काय सुंदर दिसत होतं!

आता बघा चूक कुठे आहे. मी मशीन किती बनवेल ते मोजलं. गाव किती घेईल ते मोजलंच नाही.

ते मोजायला पाच मिनिटं लागतात. गावाची लोकसंख्या २,०००. त्यात बायका साधारण हजार. पाळी येण्याच्या वयाच्या निम्म्या धरा, ५०० झाल्या. एकीला महिन्याला १० पॅड लागतील असं धरा. ५,००० पॅड. म्हणजे गावातल्या शंभर टक्के बायकांनी फक्त आमचाच पॅड घ्यायचं ठरवलं असतं तरी मशीनला महिन्यात पाचच दिवस काम होतं! उरलेले वीस दिवस काय? आजूबाजूची पाच गावं पकडावी लागणार होती, आणि तिथे माल नेणार कोण, विकणार कोण, उधारी वसूल करणार कोण, याचा माझ्या रिपोर्टमध्ये एक रकाना नव्हता. दुकानदाराला पाकिटामागे ४-५ रुपये सोडावे लागतात हेही नव्हतं. मी स्वतः दुकानदार असून! तो खर्च धरला तर ६ रुपयांतला एकच रुपया उरतो.

पहिल्या महिन्यात २१२ पाकिटं गेली. त्यातली साठेक गटातल्या बायकांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनीच घेतली. पुढे कसंबसं ३०० वर गेलं. आता तोच ६,००० चा हप्ता ३०० पाकिटांवर वाटा. पाकिटामागे २० रुपये. २२ आणि २० मिळून खर्च ४२, विक्री ३० ला. प्रत्येक पाकीट विकलं की १२ रुपये खिशातून.

मंडळी, या एका उदाहरणात 'फिक्स्ड कॉस्ट' म्हणजे काय ते सगळं आलं. विक्री कमी झाली म्हणून बँक हप्ता कमी करत नाही.

अजून एक गोष्ट माझ्या कागदात चुकीची होती. पॅडवर जीएसटी नाही म्हणजे आपल्याला कर नाही, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. पॅड करमुक्त असला तरी लगदा, कापड, गोंद, पॅकिंग यावर कर भरावाच लागतो, आणि विकायची वस्तूच करमुक्त असल्याने त्या कराचं क्रेडिट परत मिळत नाही. तो कर खर्चात जाऊन बसतो. मोठी कंपनी घाऊक खरेदीत तो पचवते, छोट्या गटाला तो टोचतो. रिपोर्ट बनवताना कच्च्या मालाचा दर नेहमी करासकट धरा.

तक्रारी मला ऐकूच आल्या नाहीत

तिसऱ्या महिन्यात मी गावात बैठक घेतली. समाजमंदिरात चाळीसेक बायका आल्या. मी विचारलं, "पॅडबद्दल काही अडचण?" सगळ्या गप्प. एक म्हणाली, "चांगलाय की." मी खूश होऊन बाहेर चहा प्यायला गेलो.

बायको माझ्यासोबत आली होती, ती आतच थांबली. अर्ध्या तासाने बाहेर आली तर तिच्या वहीचं एक पान भरलेलं. पॅड जाड आहे, चालताना टोचतो. गोंद उन्हाने सुटतो. वाकून खुरपताना पुढे सरकतो, कारण त्याला बाजूचे पंख नाहीत. दुपारी शेतात बदलायला आडोसा नाही, म्हणून लांब पॅड हवा, दिवसभर टिकणारा. पाकीट गटाच्या घरात ठेवलंय, तिथे अध्यक्ष ताईंचे सासरे ओट्यावर बसलेले असतात, त्यांच्यासमोरून कसं न्यायचं? आणि सगळ्यात महत्त्वाची तक्रार: "तीस रुपये एकदम निघत नाहीत."

मला चाळीस जणींनी 'चांगलाय' सांगितलं होतं. त्याच चाळीस जणींनी तिला खरं सांगितलं. तुम्ही पुरुष असाल आणि या धंद्यात येणार असाल तर हे लिहून ठेवा: मार्केट सर्वे तुम्ही करायचा नाही. घरातल्या, ओळखीतल्या बाईला सोबत घ्या, तिला त्याचे पैसे द्या, आणि ती जे लिहून आणेल त्यावर वाद घालू नका.

ऑगस्ट २०१९ मध्ये 'सुविधा' पॅड एक रुपयाला झाला. गटात सगळे म्हणाले, संपलं, सरकारने आपला धंदा मारला. मलाही ते ऐकायला बरं वाटलं, कारण चूक माझ्याकडून सरकली. पण खरं काय होतं? जनऔषधी केंद्र तालुक्याला, गावापासून पंधरा किलोमीटर. रोजगार बुडवून कोण जाणार? गावातली एकही बाई खास त्यासाठी जात नव्हती. आमचं गिऱ्हाईक एक रुपयाच्या पॅडने पळवलं नव्हतं. ते आमच्याकडे आलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये मशीन बंद झालं. मी घेतलेली फी परत केली. ती कर्जाच्या मानाने काहीच नव्हती.

'परवडणारं' म्हणजे नक्की काय?

यानंतर मी बराच वेळ या एका शब्दावर घालवला. आपण 'परवडणारं' म्हणजे 'स्वस्त' धरतो. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा.

जिला आठवड्याच्या बाजारादिवशी मजुरी मिळते तिला महिन्याचे ३० रुपये जड नाहीत, पण बुधवारी एकदम ३० काढणं जड आहे. जिच्या घरात पैसे सासूकडे किंवा नवऱ्याकडे असतात तिला मागावे लागतात, आणि कशासाठी ते सांगावं लागतं. जिला रात्री नऊला पाळी आली तिला तालुक्यातला एक रुपयाचा पॅड काय कामाचा? शाळेतल्या मुलीला पॅड फुकट मिळाला, पण शाळेच्या संडासात पाणी नसेल, कडी नसेल, तर ती त्या दिवशी घरीच बसते.

म्हणजे किंमत, अंतर, वेळ आणि लाज असे चार अडथळे झाले. कारखाना त्यातला फक्त पहिला कमी करतो. उरलेले तीन विकणारी बाई कमी करते.

ही गोष्ट सरकारी योजनांतही दिसते. २०११ मध्ये केंद्राची मासिक पाळी स्वच्छता योजना आली तेव्हा ६ पॅडचं पाकीट ६ रुपयांना होतं आणि ते विकायचं काम आशाताईंकडे दिलं. पाकिटामागे त्यांना १ रुपया. अस्मिता योजनेतही विक्री बचत गटांकडे होती. शेवटच्या घरापर्यंत माल नेणारं माणूस लागतं हे तिथेही मान्य केलेलं आहे.

बाजार आहे का? आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये पाळीसाठी स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झालं. त्याच सर्वेक्षणात ६४ टक्के मुली सॅनिटरी नॅपकिन वापरतात आणि ५० टक्के कापड वापरतात. बेरीज शंभरच्या वर जाते, कारण अनेकजणी दोन्ही वापरतात. घरी कापड, बाहेर पॅड. पाळी जास्त असेल तेव्हा पॅड, शेवटच्या दिवसांत कापड. हे आपलं खरं गिऱ्हाईक. तिला 'जुनं सोडा, नवं घ्या' असं भाषण नको. तिला तिच्या गरजेचा माल तिच्या वेळेला हवा.

दुसरी सुरुवात, मशीनशिवाय

पहिला लॉकडाऊन उठल्यानंतर त्याच गटातल्या दोघीजणी माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं भांडायला आल्यात. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, बनवायचं आपल्याला जमलं नाही. पण विकायचं जमतंय की. तुमच्या खरेदी भावाने माल द्या."

मी दिला. आधी ४० पाकिटं, तीही वेगवेगळ्या प्रकारची: लांब, पंखवाले, साधे. कुठला खपतो ते बघायला. मशीन घेतलं की एकच प्रकार विकावा लागतो, तयार माल घेतला की गिऱ्हाईक सांगेल तो आणता येतो. हा फायदा आम्हाला तेव्हा कळला.

दोघींनी चार वाड्या-वस्त्या वाटून घेतल्या. त्यांनी ज्या गोष्टी केल्या त्या मी कुठल्या पुस्तकात वाचल्या नव्हत्या.

पहिली, पॅडची भिशी. दर बाजाराच्या दिवशी १० रुपये द्यायचे, नाव वहीत. महिन्याचे ४० झाले की एक पाकीट घरी, वरचे उरलेले पुढच्या खात्यात. एकदम पैसे काढायचा प्रश्न मिटला, आणि यांना पैसे आधी मिळाले. खेळतं भांडवल गिऱ्हाइकानेच दिलं!

दुसरी, पॅड एकटा न्यायचाच नाही. पिशवीत कंगवे, रबर, पिना, टिकल्या, आतले कपडे. ओट्यावर सासरे बसलेले असले तरी 'बांगडीवाली आली' म्हणून आत जाता येतं. शिवाय एकट्या पॅडच्या मार्जिनवर पायपीट परवडत नाही, आतल्या कपड्यांवर परवडते.

तिसरी, प्रत्येक वाडीत एका घरात पाच पाकिटं ठेवलेली. त्या घरच्या बाईला तिचं स्वतःचं पाकीट खरेदी भावात. रात्री-अपरात्री कुणालाही मिळतं.

चौथी, भीती विकायची नाही. "कापड वापरलं तर कॅन्सर होतो" असं सांगून पॅड विकणारे लोक मी पाहिलेत. ते करू नका. स्वच्छ धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं कापड वापरण्यात गैर काही नाही. ओलं, अंधारात लपवून वाळवलेलं कापड वाईट. हे खरं सांगितलं तर आज ती पॅड घेणार नाही कदाचित, पण उद्या विश्वासाने तुमच्याचकडे येईल. धंदा रिपीट गिऱ्हाइकावर चालतो.

आज त्यांची १४० घरं आहेत, महिन्याला साधारण २०० पाकिटं. पाकिटामागे ५ रुपये म्हणजे १,००० रुपये. एवढंच? हो, एवढंच. बाकीच्या मालाचे धरून दोघींना मिळून साडेसहा ते सात हजार. यावर संसार चालत नाही, जोडधंदा म्हणून ठीक आहे. पण कर्ज शून्य आणि शिल्लक माल कधीच १०० पाकिटांच्या वर नाही. मशीनच्या महिन्याला १८,००० नफ्याच्या माझ्या कागदापेक्षा हा हजार रुपये खरा आहे.

मग मशीन घ्यायचंच नाही का?

घ्या. पण क्रमाने.

आधी तयार माल विकून बघा, सहा महिने. तुमची स्वतःची वहीतली गिऱ्हाइकं किती, त्यातली किती दर महिन्याला परत घेतात, हा आकडा हातात आला की मशीनची क्षमता त्याच्यासमोर ठेवा. मशीनचे निदान निम्मे दिवस भरतील एवढी विक्री वहीत दिसत असेल तरच पुढे जा. शाळा, वसतिगृह, कारखाना यांची एखादी लेखी ऑर्डर असेल तर अजून उत्तम.

मानकं वाचा. सॅनिटरी नॅपकिनसाठी भारतीय मानक आयएस ५४०५ आहे. त्यात शोषण, पीएच, जंतू अशा तपासण्या येतात. अंगाला लागणारी वस्तू आहे, 'गावठी आहे, चालतंय' असं इथे चालत नाही. उत्पादन सुरू करायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्र आणि बीआयएसकडून तुमच्या आकाराच्या उद्योगाला काय लागू आहे ते लेखी विचारून घ्या.

कमी भांडवलात बनवायचंच असेल तर धुऊन परत वापरायच्या कापडी पॅडचा विचार करा. त्याला शिलाई मशीन लागतं, ते अनेकींच्या घरी आहेच. त्यासाठीही २०२१ पासून वेगळं मानक आहे, आयएस १७५१४. पण हा माल जिथे धुवायला पुरेसं पाणी आणि वाळवायला उघडी, उन्हाची जागा आहे तिथेच विका. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत तो ओझं होतो.

सबसिडी बघून धंदा निवडू नका. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागातल्या महिलांना प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, ऐकायला छान वाटतं. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात. तोपर्यंत हप्ता धंद्यातूनच काढायचा असतो. माझ्या त्या रिपोर्टमध्येही पहिलं पान सबसिडीचंच होतं, योजना वेगळी होती इतकंच.

वापरलेल्या पॅडचं काय?

हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही, पण विकणाऱ्याने आधी विचारला पाहिजे. आमच्या भागात वापरलेला पॅड ओढ्यात जातो, उकिरड्यावर जातो, नाहीतर संडासात टाकून टाकी तुंबते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्यांना विल्हेवाटीसाठी पाकिटासोबत पिशवी किंवा वेष्टण द्यायला सांगितलं, आणि वापरणाऱ्यांना तो गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या कामातून लाल ठिपक्याची पद्धत आली: वापरलेला पॅड कागदात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना तो उघडून बघावा लागत नाही.

आमच्या दोघी आता प्रत्येक पाकिटासोबत जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले आठ तुकडे देतात, प्रत्येकावर लाल पेनाने ठिपका. ज्या वर्तमानपत्रात वडील नवीन पाकीट लपवायचे, तोच कागद आता वापरलेला पॅड नीट टाकायला जातो. खर्च जवळपास शून्य. गावात घंटागाडी येत नाही तिथे अजून अडचण आहेच, ती ग्रामपंचायतीशी बोलूनच सुटेल.

या आठवड्याचं काम

तुमच्यापैकी ज्यांना या धंद्यात यायचंय त्यांनी पुढच्या आठ दिवसांत एवढं करा.

१. आपल्या गावातली किंवा वॉर्डातली शंभर घरं ठरवा. घरातल्या बाईला सोबत घ्या, किंवा तिलाच पाठवा.

२. पाच प्रश्न विचारा: सध्या काय वापरता, कुठून आणता, महिन्याला किती खर्च होतो, पैसे कोणाकडून घ्यावे लागतात, कुठल्या वेळी मिळत नाही?

३. वापरण्यातली एक तरी तक्रार लिहून आणा. कुणी 'चांगलाय' म्हटलं तर ते उत्तर धरू नका.

४. दोन-तीन प्रकारची मिळून २० पाकिटं विकून दाखवा. उधारीवर नाही, भिशीवर किंवा रोखीने.

५. पुढच्या महिन्यात त्याच घरी परत जा. किती जणींनी दुसरं पाकीट घेतलं, तो आकडा तुमचा खरा प्रोजेक्ट रिपोर्ट.

हा कागद तयार झाला की मला दाखवा, मी हिशोब बसवून देतो, एक रुपया फी न घेता. आधी मशीनचं कोटेशन घेऊन आलात तर मात्र चहा पाजून परत पाठवीन.

ते जुनं मशीन अजून समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आहे, ताडपत्रीखाली. गटाने विकायचा प्रयत्न केला, कुणी किंमत देईना. त्या दोघींनी मध्यंतरी ती खोली झाडून घेतली आणि मशीनच्या फळीवर पाकिटांचा स्टॉक मांडला. मी बघून काहीच बोललो नाही. अध्यक्ष ताईच म्हणाल्या, "असू द्या भाऊ, फळी मजबूत आहे."

भेटू पुढच्या आठवड्यात. वही भरून आणा.